दुरुस्तीनंतरची रोजकीर्द

नेवासा येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची मुद्रणप्रत



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण प्रतिवर्षी येथे एकत्र जमतो त्यांचे आयुष्य इतरांनी लिहिलेले हिशेब वाचण्यात आणि त्यांतील खरेखोटे निवडण्यात गेले, हे मनात धरूनच मी आजचा विषय घेतला आहे. विषय नवा दिसेल, पण त्याचे गोत्र जुने आहे. बँका, कचेऱ्या, रुग्णालये आणि साखर कारखाने ज्या संगणकांवर चालतात, ज्यांना आपण सर्व्हर म्हणतो, त्यांच्या पोटात एक रोजकीर्द अहोरात्र लिहिली जात असते : कोण आत आला, केव्हा आला, त्याने काय उघडले, काय बदलले, काय पुसले. या रोजकीर्दीवर विसंबून आपण गुन्हेगार शोधतो, निरपराध्याला सोडतो, विम्याचे दावे मान्य करतो आणि नोकरांना निलंबित करतो. आणि या रोजकीर्दीत जे दोष शिरतात त्यांतले काही चोराने केलेले नसून सर्व्हरची डागडुजी करावयास आलेल्या पॅचने, म्हणजे सद्हेतूने केलेल्या दुरुस्तीने, केलेले असतात. या दुसऱ्या प्रकारच्या दोषांविषयी मला आज बोलावयाचे आहे, कारण पहिल्यांविषयी पुष्कळ बोलले जाते आणि यांच्याविषयी जवळजवळ कोणीच बोलत नाही.

शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, प्रवरेच्या काठी या गावात श्रीज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, ही हकिकत येथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. त्यापुढची हकिकत मात्र आपण जितकी आठवावी तितकी आठवत नाही. प्रतीवरून प्रत होत गेली, लेखकांच्या हातून पाठ बदलत गेले, कोणी आपल्या पदरची ओवीही घातली असेल. आणि सुमारे तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, पैठणच्या नाथांनी अनेक प्रती ताडून ग्रंथाचे शुद्धीकरण केले. माझ्या विषयाच्या दृष्टीने नाथांचे मोठेपण पाठ शुद्ध करण्याइतकेच आणखी एका गोष्टीत आहे. आपण दुरुस्ती केली, अमुक शकात केली, पाठ अशुद्ध झाले होते म्हणून केली, आणि यापुढे कोणी यात आपली भर घालू नये, हे सर्व त्यांनी दुरुस्त केलेल्या ग्रंथाच्याच अखेरीस लिहून ठेवले. दुरुस्ती करणारा स्वतः नोंदीत उतरला. त्यामुळे आज सुमारे चारशे चाळीस वर्षांनंतरही वाचकाला कळते की आपण वाचतो ती संहिता कोणत्या हातांखालून गेलेली आहे. याच्या उलट बाजूही याच ग्रंथाच्या इतिहासात आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी बीडच्या पाटांगण येथे मिळालेल्या पोथीवरून एकनाथपूर्व म्हणून एक संहिता १९०९ साली प्रसिद्ध केली. तिच्या प्राचीनत्वाविषयी विद्वानांत वाद माजला. आणि मूळ पोथी पुढे अभ्यासकांना पाहावयास न राहिल्यामुळे तो वाद मिटविण्याचे साधनच हातून गेले. मूळ प्रत जपलेली नसली म्हणजे एखाद्या थोर पंडिताचा शब्दही केवळ शब्द उरतो.

आपल्या पूर्वीच्या कारभाऱ्यांना ही गोष्ट चांगली समजत होती. शिवकालीन पत्राच्या माथ्यावर राजमुद्रा असे आणि मजकूर जेथे संपे तेथे मर्यादेची मुद्रा, ती यासाठी की त्याखाली मागाहून कोणाला एक ओळही सरकविता येऊ नये. पत्र दप्तरात रुजू झाल्याचा बार त्यावर निराळा पडे. लिहिणारा एक, तपासणारा दुसरा, नोंद घेणारा तिसरा, अशी ती रचना होती, आणि तिच्यात कोणाच्याही प्रामाणिकपणावर अविश्वास नसून मनुष्यमात्राच्या हातून चूक होते या गोष्टीवर विश्वास होता.

आता सर्व्हरकडे येऊ. त्याच्या नोंदवहीला लॉग म्हणतात, आणि सुरक्षेच्या कामी जो भाग ठेवला जातो त्याला ऑडिट लॉग. विंडोज प्रणालीत प्रत्येक जातीच्या घटनेला क्रमांक दिलेला आहे : कोणी यशस्वीपणे आत आला तर ४६२४, प्रयत्न फसला तर ४६२५, कशाकशाची नोंद घ्यावी हे धोरणच कोणी बदलले तर ४७१९, आणि सुरक्षेची नोंदवहीच कोणी पुसून टाकली तर ११०२. हा शेवटचा क्रमांक मला विशेष आदरणीय वाटतो. वही कोरी करणाऱ्याचे नाव कोऱ्या वहीच्या पहिल्या ओळीत येते. लिनक्स प्रणालीत हेच काम ऑडिटडी नावाचा कारकून करतो, आणि त्याच्यापाशी कामाचा ढीग इतका साचला की काही नोंदी गळून पडल्या, तर किती गळल्या याची मोजदाद प्रणाली स्वतःच ठेवते. ज्यांनी या यंत्रणा रचल्या त्यांना दप्तराचा धर्म कळत होता, असे म्हणावयास हरकत नाही.

पॅच म्हणजे आज्ञावलीतील छिद्र बुजविण्यासाठी तिच्या कर्त्याने पाठविलेली दुरुस्ती. मायक्रोसॉफ्ट २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अशा दुरुस्त्यांचा संच प्रसिद्ध करते, आणि जगभरच्या सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या पंचांगात तो मंगळवार एकादशीसारखा ठरलेला असतो. पॅच न टाकणे हा पर्याय नाही, हे मी प्रथमच सांगून ठेवतो, नाहीतर माझ्या पुढच्या बोलण्याचा विपरीत अर्थ घेतला जाईल. मार्च २०१७ मध्ये विंडोजच्या एका छिद्रावर पॅच निघाला होता. ज्यांनी तो टाकला नाही त्यांच्यावर मे महिन्यात वॉनाक्राय नावाचे सायबर-अरिष्ट कोसळले आणि जून महिन्यात नॉटपेट्या, आणि या दुसऱ्या आपत्तीत आपल्या न्हावाशेवा बंदरातील मर्स्क समूहाच्या धक्क्याचे काम ठप्प होऊन कंटेनर अडकून पडले. परंतु त्याच नॉटपेट्याचा प्रथम प्रवेश युक्रेनमधील हिशेबाच्या एका लोकप्रिय आज्ञावलीच्या अधिकृत अपडेटमधून झाला होता. दुरुस्ती न घेतल्याने बुडालेले आणि दुरुस्ती घेतल्याने बुडालेले, दोघेही एकाच दिवशी एकाच पंक्तीत बसले.

पॅचचे दोष दोन प्रकारचे असतात. काही गर्जना करून येतात. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळा पडदा दाखवून बसली, आणि आपल्या देशातील विमानतळांवरही प्रवाशांना बोर्डिंग पास हाताने लिहून देण्याची पाळी आली. ही हानी मोठी, पण प्रामाणिक. जे मोडले ते मोडलेले दिसले, आणि काही तासांत सर्वांना कळले. दुसऱ्या प्रकारचे दोष मूक असतात. यंत्र चालते, बँकेचा व्यवहार चालतो, पडद्यावर सर्व हिरवे असते. फक्त नोंदवहीतली नोंद आणि घडलेली घटना यांची फारकत झालेली असते. नोंद काढून पाहण्याचा प्रसंग येईपर्यंत ही फारकत कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि तो प्रसंग नेमका असा असतो की ज्या वेळी त्या नोंदीशिवाय दुसरा आधार उरलेला नसतो.

या दुसऱ्या प्रकाराचे गेल्या काही वर्षांतील सर्वांत बोलके उदाहरण सप्टेंबर २०२४ मधले आहे, आणि ते थोडे विस्ताराने सांगतो. मायक्रोसॉफ्टच्या मेघसेवेत प्रत्येक यंत्रावर नोंदी गोळा करून मध्यवर्ती दप्तराकडे पाठविणारा एक टपालवाला असतो. नोंदी गोळा करण्याच्या सेवेतील एक मर्यादा दूर करण्यासाठी दुरुस्ती करण्यात आली, आणि त्या दुरुस्तीबरोबर टपालवाल्याच्या आज्ञावलीत एक असा दोष शिरला की एका ठिकाणी टपाल पोहोचवीत असतानाच त्याला पत्ता बदलण्याची सूचना मिळाली तर तो मधेच खोळंबून उभा राही. खोळंबलेला टपालवाला इतर कामे मात्र बिनबोभाट करीत राहिला. नोंदी गोळा होत होत्या, यंत्रावरच्या तात्पुरत्या कोठीत साठत होत्या, फक्त पुढे जात नव्हत्या. कोठी भरली की नव्या नोंदींना जागा देण्यासाठी सर्वांत जुन्या नोंदींवर नव्या लिहिल्या जात. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले तर कोठीत उरलेले टपाल रवाना होई. पण जे पुसले गेले होते ते गेलेच. २ सप्टेंबरला सुरू झालेला हा प्रकार ५ तारखेला कंपनीच्या ध्यानात आला आणि सर्वसाधारणपणे १९ तारखेपर्यंत चालला. या काळात एंट्रा, सेंटिनल, डिफेंडर अशा, म्हणजे ज्यांचे काम पहारा देण्याचे त्याच सेवांच्या ग्राहकांच्या नोंदी अपुऱ्या राहिल्या. कंपनीने ही गोष्ट ग्राहकांना कळविली, आणि तिची कारणमीमांसाही दिली. हे तिच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

या घटनेचे गांभीर्य कळण्यासाठी त्याआधीच्या वर्षाकडे पाहावे लागते. २०२३ च्या उन्हाळ्यात चीनशी संबंध असलेल्या हेरांनी अमेरिकन सरकारी अधिकाऱ्यांच्या मायक्रोसॉफ्टच्याच सेवेवरील ईमेलपेट्या वाचल्या, हे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने जूनमध्ये हेरले ते केवळ नोंदी तपासून. आणि त्या विशिष्ट नोंदी अधिक दाम मोजणाऱ्या ग्राहकांनाच मिळत असत. पुढे टीका झाल्यावर कंपनीने त्या अधिक ग्राहकांना खुल्या केल्या. ज्या नोंदींनी चोर पकडला त्याच जातीच्या नोंदी वर्षभराने एका दुरुस्तीने निसटाव्यात! अशा काळात एखाद्या संस्थेच्या व्यवस्थापकाने नोंदवही उघडून पाहिली असती, रात्री कोणीही आत आलेले नाही असे वाचले असते आणि निश्चिंत झोप घेतली असती, तर त्याचा दोष तरी कोणता? नोंद नाही याचा अर्थ घटना घडली नाही असा होतो की नोंदवणारा हजर नव्हता असा होतो, हे सांगणारी खूण त्या कोऱ्या जागेत नव्हती.

एप्रिल २०२५ मध्ये याच्या उलटा प्रकार घडला. काही विंडोज सर्व्हरांवर, २०१६, २०१९ आणि २०२२ या आवृत्त्यांवर, लोकांच्या प्रवेशाच्या नोंदी व्यवस्थित घेतल्या जात होत्या. परंतु धोरण दाखविणाऱ्या खिडकीत मात्र त्या घेतल्या जात नाहीत असा शेरा दिसे. मायक्रोसॉफ्टने ठरलेल्या मंगळवाराबाहेर निराळी दुरुस्ती काढून ती खिडकी सरळ केली. हानी किरकोळ म्हणून कोणी ही गोष्ट सोडून देईल. मला ती किरकोळ वाटत नाही. हिशेबतपासनीस ती खिडकी पाहूनच शेरा लिहितो, आणि त्याच्या शेऱ्यावर एखाद्या होतकरू तंत्रज्ञाची वेतनवाढ अडते.

दोष एवढ्या मोठ्या कंपन्यांतच होतात असे नाही, आणि ते ओळखू येण्याइतके ठळक असावे लागतात असेही नाही. समजा, आपल्याच तालुक्यातील एखाद्या पतसंस्थेच्या सर्व्हरवर शनिवारी रात्री पॅच टाकला गेला, आणि त्यात नोंदीचे घड्याळ भारतीय प्रमाणवेळेऐवजी जागतिक वेळ लिहू लागले. साडेपाच तासांचा फरक. सोमवारी सकाळी ११ वाजता कारकुनाने सर्वांसमक्ष केलेला प्रवेश वहीत पहाटे साडेपाचचा म्हणून उतरला. तीन महिन्यांनी एका ठेवीदाराच्या खात्याविषयी तक्रार येते, चौकशी अधिकारी नोंदी काढतो, आणि त्याला दिसते की कुलूपबंद कचेरीत हा मनुष्य दररोज पहाटे येत होता. कारकून म्हणतो, मी त्या वेळी घरी होतो. वही म्हणते, तू येथे होतास. कोणाचे ऐकले जाईल?

या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडने दिलेले आहे, आणि ते ऐकून अंगावर काटा येतो. तेथील टपालखात्याने आपल्या छोट्या कचेऱ्यांसाठी फुजित्सू कंपनीची होरायझन नावाची हिशेबप्रणाली आणली. १९९९ ते २०१५ या काळात त्या प्रणालीच्या आकड्यांवर विसंबून नऊशेहून अधिक उपपोस्टमास्तर अफरातफर, चोरी आणि खोटे हिशेब यांबद्दल दोषी ठरले, त्यांतले बहुतेक खुद्द टपालखात्याने चालविलेल्या खटल्यांत. त्यांच्यात भारतीय वंशाच्या सीमा मिश्रा होत्या, ज्यांना नोव्हेंबर २०१० मध्ये गरोदर असताना पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. उपपोस्टमास्तर अॅलन बेट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावून धरलेल्या दाव्यात न्यायमूर्ती फ्रेझर यांनी डिसेंबर २०१९ मध्ये निर्णय दिला की प्रणालीत दोष होते, आणि फुजित्सूचे कर्मचारी दुरून, उपपोस्टमास्तरला न कळता, त्याच्या हिशेबात व्यवहार घालू शकत होते. एप्रिल २०२१ मध्ये सीमा मिश्रा यांच्यासह ३९ जणांची शिक्षा रद्द झाली, आणि २०२४ मध्ये संसदेला उरलेल्यांसाठी कायदाच करावा लागला.

यातली एक बारीक गोष्ट आपल्या विषयाच्या गाभ्याशी आहे. आरोपीने काय केले हे न्यायालयाला दाखविण्यासाठी फुजित्सू आपल्या मूळ नोंदसंग्रहातून उतारे काढून देत असे, आणि ते उतारे अखेरचा शब्द मानले जात. २०१० साली प्रणालीचे नव्या आवृत्तीकडे स्थलांतर झाल्यानंतर कर्मचाऱ्यांना आढळले की या उताऱ्यांत काही व्यवहार दोनदा येत आहेत. म्हणजे नोंदसंग्रह एक बोलत होता आणि त्याचा नक्कलनवीस दुसरे. नवी आवृत्ती चांगल्या हेतूने आली होती. पण ज्या माणसाचे स्वातंत्र्य त्या उताऱ्यावर टांगलेले होते त्याला या बदलाची वार्ता कोणी दिली? इंग्लंडच्या कायद्यात त्या काळी संगणक बरोबर चालत होता असे गृहीत धरले जाई; तो चुकला हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर होता, आणि चूक सिद्ध करणारी कागदपत्रे फिर्यादीच्या कपाटात होती.

आपल्याकडे कायद्याने अधिक शहाणपण दाखविले आहे, असे मी अभिमानाने म्हणू शकतो. आणि ते शहाणपण ज्या खटल्यात स्पष्ट झाले तो आपल्या शेजारच्या जालन्याचा आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुनराव खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचे उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत टळल्यावर घेतले गेले असा प्रतिस्पर्धी कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता. आणि तो वेळेचा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतील चित्रफितींवर येऊन ठेपला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली, आणि १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुराव्यात घ्यावयाची तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र अनिवार्य आहे. तो जुना पुरावा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या ६३ व्या कलमात हे प्रमाणपत्र कायम असून ते आता दोन भागांचे आहे, एक यंत्र ज्याच्या ताब्यात त्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात नोंदीचे हॅशमूल्य, म्हणजे तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, हेही द्यावे लागते.

त्या प्रमाणपत्रातील एका वाक्यावर मी क्षणभर थांबतो. संबंधित काळात यंत्र योग्य रीतीने चालत होते, अथवा चालत नसल्यास त्या बिघाडाचा नोंदीच्या अचूकतेवर परिणाम झालेला नाही, असे स्वाक्षरी करणाऱ्याला सांगावे लागते. हॅशमूल्य एवढेच सांगते की न्यायालयापुढील प्रत आणि सर्व्हरमधील नोंद तंतोतंत एक आहेत. सर्व्हरमधील नोंद लिहिली गेली त्या घटकेस खरी होती काय, हे हॅशमूल्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. पहाटे साडेपाचची खोटी नोंदही निष्कलंक हॅशमूल्यासह सादर होईल. म्हणून सारा भार त्या एका वाक्यावर येतो, आणि त्या वाक्याखाली सही करणाऱ्याजवळ पॅचपूर्वीची आणि पॅचनंतरची पडताळणी नसेल तर तो शपथेवर काय सांगत आहे? माझ्या मते प्रामाणिक मनुष्याने अशा सहीस नकार द्यावा.

कोणी म्हणेल, खरा धोका दरोडेखोरांचा, पॅचच्या चुकांचे काय एवढे? महाराष्ट्राने दरोडेखोरही पाहिले आहेत. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला तेव्हा चोरांनी एटीएमच्या मंजुरीसाठी बनावट स्विच उभा केला, पैसे देण्यास परवानगी तोच देत राहिला, आणि २८ देशांतून काढलेल्या व हाँगकाँगला पाठविलेल्या रकमा मिळून ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. त्याच वर्षी दुसऱ्या एका बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाउस शाखेतील प्रकरण उघडकीस आले, ज्यात स्विफ्ट या आंतरबँक संदेशयंत्रणेवरून हमीपत्रे रवाना होत होती आणि बँकेच्या मुख्य हिशेबप्रणालीत त्यांची नोंदच होत नव्हती; रक्कम तेरा हजार कोटींवर गेली. या दोन्ही ठिकाणी वही आणि व्यवहार यांची ताटातूट कोणीतरी जाणूनबुजून केली होती. पण ठेवीदाराच्या आणि कारकुनाच्या दृष्टीने पाहा. वही अपुरी आहे हे कळावयास जी रीत लागते ती दोन्ही प्रसंगी एकच आहे, आणि ज्या संस्थेला पॅचची निर्हेतुक चूक पकडता येत नाही तिला दरोडेखोराची सहेतुक लबाडी पकडता येईल अशी आशा व्यर्थ आहे.

ती रीत कोणती, हे शोधण्यासाठी मला परदेशी ग्रंथ उघडावे लागले नाहीत. आपल्या महसूल खात्याने ती आपल्या डोळ्यांदेखत अवलंबिली आहे. हस्तलिखित सातबाऱ्यावर जमीन हस्तांतरित झाली की जुन्या खातेदाराचे नाव खोडीत नसत. त्याला कंस करीत आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक लिहीत. फेरफार आधी नोंदवहीत चढे, हितसंबंधितांना नोटीस जाई, हरकतीला मुदत मिळे, आणि तलाठ्याने घातलेली नोंद मंडळ अधिकारी प्रमाणित करी. सातबारे संगणकावर चढविताना हस्तलिखित आणि संगणकीकृत उताऱ्यांत तफावती पडल्या : कोठे क्षेत्र चुकले, कोठे नाव गळले. तेव्हा दुरुस्तीची सोय आज्ञावलीत करण्यात आली, महसूल संहितेच्या १५५ व्या कलमाखाली तहसीलदाराने लेखनप्रमाद सुधारण्याचे आदेश दिले, आणि २०१७ साली गावोगाव चावडीवाचन झाले. त्यातले मर्म पाहावे. संगणकातील नोंद त्या शेतकऱ्यासमोर मोठ्याने वाचली गेली ज्याला ती जमीन, तिचा बांध आणि तिचे वारस नोंदीवाचूनही ठाऊक होते. जो घटना जाणतो त्याने नोंद ऐकावी. नोंदीची पारख याखेरीज दुसऱ्या कशानेही होत नाही. चावडीवाचनाने सर्व चुका गेल्या असा माझा दावा नाही, आणि १५५ व्या कलमाचा अधिकार लेखनप्रमादापलीकडे वापरला जाऊ नये हेही सांगितले पाहिजे. परंतु तत्त्व निर्मळ आहे.

सर्व्हरला जमिनीसारखा शेजारी नसतो, म्हणून तेथे आपल्याला ज्ञात घटना मुद्दाम पेराव्या लागतात. पॅच टाकून झाला की कचेरी उघडण्यापूर्वी परीक्षेसाठी राखून ठेवलेल्या एका खात्यातून, घड्याळ पाहून, तीन वेळा चुकीचा संकेतशब्द द्यावा, चौथ्यांदा बरोबर द्यावा, एक ठरलेली फाइल उघडावी, एक पुसावी, आणि हे सर्व कागदावर शाईने लिहून पाकिटात घालावे. मग दुसऱ्या व्यक्तीने, जिला पाकिटातले ठाऊक नाही, केवळ नोंदवही वाचून काय घडले ते सांगावे. दोन्ही जुळले तर पॅच रुजू झाला. मिनिटाचा, नावाचा वा संख्येचा फरक पडला तर तो त्याच दिवशी सापडला, तीन महिन्यांनी एखाद्या कारकुनाच्या घरी पोलीस गेल्यावर नव्हे. हीच परीक्षा पॅचपूर्वीही एकदा करावी, म्हणजे जुना दोष नव्याच्या माथी बसणार नाही. आणि नोंद ज्या दुसऱ्या यंत्राकडे जतनासाठी जाते तेथे ती पोहोचली काय, हे त्या दुसऱ्या यंत्रावर जाऊन पाहावे. सप्टेंबर २०२४ मध्ये जे हुकले ते नेमके या टप्प्यावर.

याला खर्च किती? पाऊण तास, दोन माणसे आणि एक वही. कायद्याने यातले काही आधीच बंधनकारक केले आहे. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात, सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते, आणि यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र अथवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळवून ठेवावी लागतात. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या आज्ञावलीत प्रत्येक बदलाची माग ठेवणारी नोंद सक्तीची असून ती बंद करता येऊ नये, आणि लेखापरीक्षकाने तिच्याविषयी अहवालात सांगावे, असाही नियम आहे. पण तो नियम कंपन्यांसाठी आहे. आपल्या तालुक्यातील पतसंस्था, सोसायट्या आणि दूध संघ हे सहकारी कायद्याखालचे, आणि सामान्य माणसाची ठेव व सामान्य कारकुनाची अब्रू यांचा मोठा हिस्सा तेथेच आहे.

म्हणून या सभेला जे अध्यक्ष, संचालक आणि सचिव आले आहेत त्यांच्यापाशी माझे मागणे आहे. आपल्या संस्थेत जशी आवकजावक वही आहे तशी पॅचची एक बांधलेली वही ठेवावी. तिच्यात तारीख आणि वेळ, पॅच कोणी टाकला, कोणत्या कारणासाठी टाकला, आधीची आवृत्ती कोणती आणि नंतरची कोणती, पॅचपूर्वीच्या शेवटच्या नोंदीचा क्रमांक आणि पॅचनंतरच्या पहिल्या नोंदीचा क्रमांक, परीक्षेचे पाकीट कोणी भरले आणि वही कोणी वाचली, एवढे लिहून दोघांनी सह्या कराव्यात. नोंदींत खंड पडल्याचे आढळले तर तो भरून काढण्याचा खटाटोप न करता खंड येथून येथपर्यंत आहे असे स्वच्छ लिहावे, आणि त्या काळातील कोणत्याही नोंदीवरून कोणावर आरोप ठेवू नये. आज्ञावली पुरविणाऱ्याशी करार करताना, नोंदींवर परिणाम करणारा बदल लेखी कळविल्याशिवाय करणार नाही, असे कलम घालून घ्यावे. ते घालण्यास तो नाखूष असेल तर दुसरा पुरवठादार पाहावा. आणि वार्षिक सभेपुढे लेखापरीक्षणाचा अहवाल येईल तेव्हा एखाद्या सभासदाने उठून विचारावे की पॅचची वही तपासनीसांना दाखविली होती काय, आणि सचिवांनी ती त्याच वेळी टेबलावर ठेवावी.